पाटावरची पटकथा

आई, तुला पत्र लिहायचं तर आधी एक अडचण आहे. तू चौथी शिकलेली. जोडाक्षर आलं की थांबायचीस आणि त्याला वळसा घालून पुढं जायचीस, म्हणून जमेल तेवढं सोपं लिहिते. मी आता सेहेचाळीस वर्षांची आहे. रोह्याला असते, धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये सॅम्पल तपासते आणि तीन वर्षांपासून चोरून सिनेमा लिहिते. चोरून म्हणजे घरात सगळ्यांना माहीत आहे, कंपनीत कुणाला नाही. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांनी आत्ताच का लिहायला बसले ते मागाहून सांगते, कारण ते सांगायला मला थोडा धीर लागणार आहे.

जोह्याचा आपला गणपतींचा कारखाना मला अजून दुपारचाच आठवतो. पश्चिमेच्या खिडकीतून उजेड आत आला की तू डोळ्यांच्या आखणीला बसायचीस. अंगाचा रंग, पितांबर, दागिने कुणीही रंगवायचं, पण देवाचे डोळे तुझे. डोळा काढताना तू बोलत नाहीस, श्वाससुद्धा जपून घेतेस, आणि म्हणूनच ती वेळ माझी असते. मी शाळेतून येते, दप्तर पेंढ्यावर टाकते आणि सुरू होते. आज वर्गात साप निघाला, सापानं बाईंकडं बघितलं, बाईंनी सापाला गृहपाठ विचारला. तू फक्त "मग?" म्हणतेस. मी पुढं रेटते. शेवटी काही सुचेनासं झालं की मी नुसतीच "मग... मग..." करत राहते, आणि तू ब्रश खाली ठेवून म्हणतेस, "खोटं अजून ओलं हाय गो. सुकू दे. उद्या सांग." दुसऱ्या दिवशी तू खरंच विचारायचीस की सापानं गृहपाठ केला होता का. आई, तू गेल्यापासून माझं असं शेवटपर्यंत कुणी ऐकलेलं नाही. आमचे हे माणूस फार चांगले, पण रोह्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर आहेत. माझी गोष्ट रंगात आली की ह्यांना नेमकी साडेचारची अलिबाग गाडी आठवते.

एकदा तू मला फार बोलली होतीस. सातवीत "माझी आई" हा निबंध होता आणि मी तो गाइडमधून उतरवला होता. तू चुलीपुढं भाकऱ्या थापत होतीस, बाजूला सुकट परतलेली होती, आणि तू म्हणालीस, वाच. मी वाचलं. माझी आई पहाटे उठून सडा घालते, सुबक रांगोळी काढते, मंजुळ आवाजात गाते, मला थोर पुरुषांच्या गोष्टी सांगते, तिचे हात फुलासारखे मऊ आहेत. तू भाकरी उलटलीस आणि शांतपणे विचारलंस, "ही बाई कोण?"

"आई," मी म्हटलं.

"कुणाची? मला भेटव तरी एकदा. लय कामाची दिसतेय, कारखान्यात घेऊ तिला."

मी हसले, तसा पिठाचा हात पाठीत बसला. "माझ्या हाताला टर्पेंटाइनचा वास येतो, ते लिवायला लाज वाटली काय?" वाटली होती. त्या निबंधाला दहापैकी आठ गुण मिळाले, ते मी तुला कधी सांगितले नाहीत.

पण त्याच वर्षी तू मला पेणला नेलंस. गणपतीला पंधरा दिवस उरलेले, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि तू अचानक हात धुऊन म्हणतेस, "चल, पेणला जाऊ." दादाला वाटलं रंग आणायला चाललोय. आपण गेलो थिएटरात. त्या दिवशी माझा वाढदिवस होता आणि मी समजत होते तू विसरलीस. तू स्वतःही त्याआधी कधी थिएटरात बसली नव्हतीस. पडद्यावर हिरॉइनचा फोन वाजला आणि तू मोठ्यानं म्हणालीस, "उचलू नको गो, तोच हाय तो!" मागचा माणूस म्हणाला, "मावशी, गप बसा." तू वळून त्याला म्हणालीस, "मी पण तिकीट काढलंय. तिला सांगायला नको?" मी लाजेनं खुर्चीत रुतले. मध्यंतरानंतर तोच माणूस पुढं वाकून विचारत होता, "मावशी, आता काय होणार?" परत येताना जोह्याच्या गाडीत तू तिकिटाचा तुकडा बोटांत फिरवत होतीस. मग विचारलंस, "एवढं सगळी बोलतात ते त्यांना कोण सांगतं?" मी म्हटलं, कुणीतरी लिहून दिलेलं असतं. "पगारी?" असेल, मी म्हटलं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मग तू ते कर. खोटं तुला जमतं." मला आजवर मिळालेल्या सगळ्या भेटींत ही मोठी.

मी काही ते केलं नाही. केमिस्ट्री घेतली, नोकरी लागली, लग्न होऊन रोह्याला आले. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि पहिली शिफ्ट करून तीन वाजता घरी आल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं, तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून लिहायला लागले. काय लिहिलं म्हणशील तर पोलिसांचा सिनेमा. मुंबई, समुद्र, एकामागोमाग एक नऊ खून आणि बिनदुधाची कॉफी पिणारा एक इन्स्पेक्टर. मी जन्मात एकदाच पोलीस स्टेशनात गेलेय, पासपोर्टच्या चौकशीला, आणि तिथं मला चहा दिला होता. पण मला वाटलं, सिनेमा म्हणजे असंच असतं. दीड वर्षात पटकथा पुरी झाली. मी ती लेखकांच्या संघटनेत रीतसर नोंदवली आणि आता कुणीतरी वाचेल म्हणून थांबले.

आई, सिनेमा लिहिणं सोपं आहे, तो कुणाला वाचायला लावणं हा खरा धंदा. मी पंधरावीस कंपन्यांना ईमेल केले. अर्ध्यांकडून उत्तरच आलं नाही आणि अर्ध्यांकडून एका मिनिटात आलं, की आम्ही अनोळखी लेखकांचं साहित्य वाचत नाही. अनोळखी लेखकाची ओळख कशी होते, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. एका ठिकाणच्या मुलीनं फोनवर दया दाखवली. "मॅडम, वन लाइन सांगा." म्हणजे अख्खी गोष्ट एका वाक्यात. मी सुरू केलं, श्वास घ्यायला थांबले, तोवर फोन बंद झालेला. त्यानंतर ह्यांनी माझी तालीमच घेतली. रोज जेवण झालं की मोबाइलवर तीस सेकंद लावायचे आणि मी गोष्ट सांगायची. हे म्हणायचे, "गाडी कुठली, कुठं जाणार, कुठल्या फलाटावर लागली, एवढंच सांग. मधले थांबे सांगू नको." चौथ्या आठवड्यात मला तीस सेकंदांत नऊही खून सांगता यायला लागले.

त्याचा उपयोग व्हायची वेळ आली वडखळला. रविवारी मी दादाकडं जोह्याला निघाले होते आणि वडखळ नाक्यावर नेहमीसारख्या गाड्या तुंबलेल्या. वडापावच्या गाडीपाशी एक मोठा नट उभा होता. नाव सांगत नाही, पण तू असतीस तर त्याला चार सूचना केल्या असत्यास. अलिबागला चालला असणार. माझ्या पिशवीत पटकथा होतीच, हल्ली मी तिच्याशिवाय भाजी आणायलासुद्धा जात नसे. मी एसटीतून उतरले, कंडक्टर "ओ ताई, ओ ताई" करत राहिला, आणि त्या नटासमोर जाऊन पटकथा पुढं केली. तोंड उघडते तोच त्यानं सवयीनं खिशातून पेन काढलं, पटकथेच्या पहिल्या पानावर सही केली, "लॉट्स ऑफ लव्ह" म्हणाला, माझ्या खांद्याशेजारी उभं राहून हसला, फोटो काढायला कुणी नाही हे बघून हसणं बंद केलं आणि पटकथा मला परत देऊन गाडीत बसला. माझे तीस सेकंद तसेच राहिले. एसटी तेवढ्यात जेमतेम दोन हात पुढं सरकली होती, म्हणून मला परत चढता आलं. कंडक्टरनं विचारलं, "काय घेतलंत?" मी म्हटलं, सही.

त्याच दिवशी दादानं सहज सांगितलं की मुंबईचे एक निर्माते दरवर्षी घरचा गणपती आपल्याकडून नेतात. दरवर्षी! आणि हा मला आत्ता सांगतोय. मी म्हटलं, मूर्तीबरोबर माझी पटकथा पाठव. दादा हातातला पितांबराचा ब्रश तसाच धरून उभा राहिला. "देवाच्या गाडीत मर्डर ठेवायचा नाय."

"अरे, कागद आहेत नुसते."

"किती हायेत त्यात?"

"पानं?"

"मर्डर."

मी नऊ म्हटल्यावर तो पुन्हा रंगवायला बसला. पण ज्या दिवशी निर्मात्यांची गाडी आली, त्या दिवशी मी रजा टाकून जोह्यात हजर होते. पाऊस भुरभुरत होता. मी पटकथा आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि वरून हाताला येईल ते कापड बांधलं. ते निघालं मूर्तीचं तोंड झाकायचं लाल कापड. ड्रायव्हरला म्हटलं, "हे साहेबांच्याच हातात द्या." तो हो म्हणाला. दादानं माझ्याकडं बघितलं, मूर्तीकडं बघितलं आणि हात जोडले. माफी कुणाची मागितली ते विचारायचं मला धैर्य झालं नाही.

गणपती आले आणि गेले. कंपनीत आत मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवरच ठेवावा लागतो. विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटली, मी मोबाइल घेतला तर एकाच नंबरवरून अकरा फोन. शिफ्टच्या बसेस हॉर्न वाजवत होत्या, मी एक कान भिंतीला दाबून उलटा फोन केला.

"तू काय गो ती खून करणारी?" पलीकडून एका म्हातारीचा आवाज.

"राँग नंबर," मी म्हटलं.

"राँग कसा? पोथीच्या शेवटच्या पानावर हाच हाय."

ती त्या निर्मात्यांची आई होती. माहेर चौलाकडचं, म्हणून आपल्यासारखंच बोलायची. ड्रायव्हरनं मूर्ती तिच्या स्वाधीन केली आणि तिच्याबरोबर ते लाल कापडातलं गाठोडंही. तिला वाटलं, कारखान्यातून यंदा पोथी आली. पुढचं तिनंच सांगितलं. "पाटावर ठेवली. हळद-कुंकू वायलं, जास्वंद वायली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पोथी घरात आलीय तर वाचायला नको? आरती झाल्यावर चष्मा लावला नि मोठ्यानं वाचलं. दृश्य एक. बाह्य. पहाट. समुद्रकिनारा. वाळूतून एक हात वर आलेला दिसतो. समदी हात जोडून बसलेली. सुनेनं तं फूल पण घेतलं होतं हातात."

"अरे देवा," मी म्हटलं. "मग बंद केलंत ना?"

"बंद कशाला? हात कुणाचा ते कळायला नको?"

आई, मी गेटच्या भिंतीला टेकून खाली बसले. तेव्हापासून विसर्जनापर्यंत त्या घरात रोज आरतीनंतर माझी पटकथा वाचली गेली. पाहुणे आले की म्हातारी त्यांना आधी झालेले खून थोडक्यात सांगायची. गौरी जेवल्या त्या दिवशी पाचवा पडला. तिचा मुलगा आरतीला उभा असायचा, पण कानात ते फोनचं बोंडूक घालून. सहाव्या दिवशी त्यानं ते काढून विचारलं, हे काय चाललंय. ती म्हणाली, "पोथी हाय, गप ऐक." विसर्जनाला सून ते कागद निर्माल्याबरोबर न्यायला निघाली, तर म्हातारीनं हिसकावून घेतले, शेवटची चार पानं राहिली होती.

"आवडली का?" मी विचारलं.

"खून बंडल हायेत," ती म्हणाली. "खुनी मला तिसऱ्या दिवशीच कळला. पण ती चहावाली गो! पोलीस ठाण्यापाशी ती बसलेली असते, नि तो इन्स्पेक्टर उगाच तिला प्रश्न विचारत बसतो, तं काय म्हणते? 'साहेब, नाक देवानं वास घ्यायला दिलंय, खुपसायला नाय.' काय हसली समदी! माझा मुलगा पण हसला. तीनदा वाचायला लावलं मला. आणि मग ती गेली कुठं? मी विसर्जनापर्यंत वाट बघितली. आलीच नाय."

"तिचं काम तेवढंच होतं," मी म्हटलं.

"बाईचं काम कधी असं संपतं होय? तिला परत आण. नि मुंबईला ये, मी ह्याला सांगते."

मुंबईला त्या ऑफिसात मला पंधरा मिनिटं मिळाली. निर्मात्यांच्या शेजारी एक चष्म्यातली मुलगी बसली होती, तिनं पटकथेच्या पहिल्या पानावरची सही बघून विचारलं, "ते ह्या प्रोजेक्टमध्ये आहेत?" खोटं बोलायची एवढी सोन्यासारखी संधी मी पहिल्यांदाच सोडली. मी खरं ते सांगितलं आणि वडखळचा अख्खा प्रसंग ऐकून निर्माते टेबलावर हात आपटून हसले. मग म्हणाले, "खून काढून टाका. नऊच्या नऊ. चहावाली ठेवा. तिचं घर कुठं आहे, ती तिथं येण्याआधी काय करत होती, ते लिहून आणा." मी परतीच्या गाडीत पेणपर्यंत रडकुंडीला आले होते. दीड वर्ष खपून केलेले खून होते ते. पेणच्या पुढं गेल्यावर मला एकाएकी कळलं की ती चहावाली नाहीच. ती गणपतीचे डोळे काढते.

ते लिहायला मला एक वर्ष लागलं, पण खरं म्हणजे मी काही लिहीत नव्हतेच. दुपारी टेबलाशी बसले की ती बाई बोलायला लागायची आणि मी उतरवून घ्यायचे. मागच्या महिन्यात त्या ऑफिसात सगळ्यांनी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचन केलं. म्हातारी मुद्दाम आली होती, पुढच्या खुर्चीत बसली. कुणी उठलं नाही. जिथं हसायचं तिथं हसले, आणि जिथं ती आपल्या मुलीचा निबंध ऐकते तिथं ती चष्म्यातली मुलगी बाहेर जाऊन पाणी पिऊन आली. शेवटी निर्मात्यांनी विचारलं, "हे असे संवाद तुम्हाला सुचतात कुठून?" सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान जरा खाली घातली आणि म्हटलं, "सुचतात असेच."

आता सांगते का लिहायला बसले ते. काल कराराचे कागद आले. सिनेमा होईल की नाही कुणाला माहीत, पैसा उभा राहिला तर पावसाळ्यानंतर बघू म्हणतात, पण करार आलाय. हे स्टँडवरच्या आवाजात एकेक कलम मोठ्यानं वाचत होते. त्यात एक कलम आहे, की सदर लेखन पूर्णपणे लेखिकेचं स्वतःचं असून ते अन्य कोणाही व्यक्तीकडून घेतलेलं नाही. ह्यांनी विचारलं, "बरोबर ना?" मी म्हटलं, बरोबर, आणि सही केली. ते नाकाचं वाक्य तू त्या पनवेलच्या गिऱ्हाइकाला सुनावलं होतंस. तो मूर्तीचं नाक सिनेमातल्या हिरोसारखं करा म्हणून दोन तास तुझ्या डोक्यावर उभा होता. मी पेंढ्यावर बसून ऐकत होते. त्यानंतरचंही बहुतेक सगळं तुझंच आहे. हे पत्र तुला पाठवायची काही सोय नाही, आणि असती तरी मी ते पोस्टात टाकलं नसतं, उद्या कुणाच्या हाती लागलं तर त्या कलमाविरुद्ध माझ्याच अक्षरातला पुरावा व्हायचा. वाचून फाडूनच टाकणार आहे. पण तुला एक सांगते आणि थांबते. सबंध सिनेमात त्या बाईच्या तोंडी माझी स्वतःची अशी दोनच वाक्यं आहेत, आणि ती दोन्ही त्यांनी काढायला सांगितलीयत. ती बाई असं बोलणार नाही म्हणाले.